विश्वाच्या उगमावरून ईश्वराची सिद्धता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्व आहे, म्हणजे त्याला कारण असणार, आणि ते कारण म्हणजे ईश्वर. या विचाराबद्दल आस्तिक आणि नास्तिक दोघांकडूनही तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न उगाळता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा युक्तिवाद एकच आहे की अनेक?

अनेक आहेत, आणि निम्मे वाद ते एकमेकांत कालवल्यामुळे होतात. पहिलं घराणं आरंभावर उभं आहे: विश्व कधीतरी सुरू झालं, म्हणून ते सुरू करणारं काहीतरी हवं. याला कलाम युक्तिवाद म्हणतात (प्रश्न ३). दुसरं आधारावर उभं आहे: आत्ता या क्षणी जे टिकून आहे ते दुसऱ्या कशाच्या तरी जोरावर टिकलंय, आणि ही आधारांची उतरंड कुठेतरी थांबली पाहिजे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याचा भर यावर होता (प्रश्न ८). तिसरं लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाचं: काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे, ते का? (प्रश्न ९). चौथं नैयायिकांचं, म्हणजे भारतीय न्यायदर्शनाच्या अनुयायांचं: जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जग हे कार्य आहे, म्हणून जगाला कर्ता आहे (प्रश्न ११).

यातल्या फक्त पहिल्याला विश्वाचा निखळ आरंभ लागतो. उरलेल्या तिघांचं त्यावाचून अडत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी बरीच दमछाक वाचते.

२. प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणता, मग ईश्वराला कोणी निर्माण केलं? विषय इथेच संपत नाही का?

नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९२७ च्या एका भाषणात हाच टोला लगावला होता, आणि तेव्हापासून तो फार चालतो. पण 'प्रत्येक गोष्टीला बाहेरचं कारण असतं' हे विधान वरच्या चारपैकी एकाही युक्तिवादात नाही. कलामवाले म्हणतात, ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं. लायब्निझच्या मते जे नसूही शकलं असतं त्याचा खुलासा स्वतःबाहेर शोधावा लागतो. नैयायिक फक्त कार्याबद्दल बोलतात. ईश्वर अनादी आहे, तो नसूच शकत नाही, तो कार्य नाही, अशी त्यांची मांडणी असल्याने टोला बाजूने निघून जातो.

मात्र त्याच प्रश्नाला नीट धार लावता येते. अशी सूट ईश्वराला मिळते तर विश्वालाच का मिळू नये? किंवा विश्वातल्या मूळ ऊर्जेला, नियमांना? आता समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. कलामवाला विश्वाचा आरंभ दाखवू पाहतो, लायब्निझचा अनुयायी म्हणतो की विश्व वेगळंही असू शकलं असतं, नैयायिक म्हणतो की ते अवयवांचं बनलेलं आहे. खरा वाद इथून पुढे आहे.

३. कलाम युक्तिवाद थोडक्यात सांगाल का?

तीन ओळींत मावतो.

ज्याचं अस्तित्व सुरू होतं त्याला कारण असतं.
विश्वाचं अस्तित्व सुरू झालं.
म्हणून विश्वाला कारण आहे.

याची मुळं सहाव्या शतकातल्या जॉन फिलोपोनसपर्यंत जातात. जग अनादी आहे असं मानणाऱ्या ग्रीक विचाराला या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने अनंताच्याच कल्पनेने पेचात पकडलं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस अल-गझालीने हा विचार घासूनपुसून घेतला. 'कलाम' हे इस्लामी धर्मचर्चेच्या परंपरेचं नाव, तेच युक्तिवादाला चिकटलं. विल्यम लेन क्रेग यांनी १९७९ मध्ये तो नव्याने मांडला आणि त्याला आधुनिक खगोलशास्त्राची जोड दिली.

तर्काचा साचा बिनचूक आहे. पहिल्या दोन ओळी खऱ्या असतील तर तिसरी टाळता येत नाही. तेव्हा तपासायच्या त्या पहिल्या दोन ओळी, आणि तिसरीनंतर न लिहिलेली चौथी: 'आणि ते कारण म्हणजे ईश्वर' (प्रश्न १३).

४. 'ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं' हे तर उघडच आहे. त्यात शंका कसली?

वाटतं तितकं उघड नाही. आपण आजवर पाहिलेला प्रत्येक आरंभ म्हणजे आधीच असलेल्या द्रव्याची नवी जुळणी. मडकं सुरू झालं म्हणजे माती होती, तिला आकार आला. सांख्यांचा सत्कार्यवाद तर म्हणतो की कार्य आधीपासूनच कारणात असतं. कलामला हवा असलेला आरंभ याहून अगदी निराळा आहे: आधी द्रव्य नाही, जागा नाही, काळही नाही. तसा आरंभ कोणीच पाहिलेला नाही. पहिल्या प्रकारच्या लाखो उदाहरणांवरून दुसऱ्या प्रकारच्या एकुलत्या एका घटनेबद्दल नियम काढणं ही मोठीच उडी आहे.

किरणोत्सर्गाचं उदाहरणही दिलं जातं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. पण समोरचा एखादा अणू आजच का फुटला, शेजारचा का नाही, याचं कारण क्वांटम सिद्धांताच्या रूढ अर्थानुसार नसतंच. पण हे उदाहरण अर्धंच लागू पडतं, कारण अणू फुटण्याचा क्षण कारणाशिवाय असला तरी अणू, क्षेत्रं आणि नियम तिथे आधीपासून असतात.

क्रेग यांचं प्रत्युत्तर दमदार आहे. शून्यातून काहीही कारणाशिवाय उगवू शकत असेल, तर फक्त विश्वंच का उगवतात, घोडे किंवा सायकली का नाहीत? शून्याला आवडनिवड असायचं कारण नाही. यावर एकच प्रामाणिक उत्तर दिसतं: विश्वाच्या आत नियम लागू आहेत म्हणून तसं घडत नाही, आणि विश्वाच्या पहिल्या क्षणी ते नियम कुठल्या अर्थाने लागू होते हे सांगता येत नाही. मला हे पहिलं आधारविधान संभाव्य वाटतं, स्वयंसिद्ध वाटत नाही.

५. भूतकाळ अनंत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय ना?

झालेलं नाही. याबाबत दोन वेगळे दावे केले जातात.

पहिला दावा असा की अनंत वस्तू प्रत्यक्षात असूच शकत नाहीत, कारण त्यातून विसंगती निघतात. गझालीने ग्रहांचं उदाहरण दिलं. शनी सुमारे ३० वर्षांत फेरी पुरी करतो, गुरू १२ वर्षांत. म्हणजे दर ६० वर्षांत शनीच्या २ फेऱ्या होतात आणि गुरूच्या ५. दर साठ वर्षांगणिक शनी आणखी ३ फेऱ्यांनी मागे पडतो. पण ग्रह अनादी काळापासून फिरत असतील तर दोघांच्याही फेऱ्या अनंत, म्हणजे सारख्याच! वर गझाली विचारतो, त्या फेऱ्यांची संख्या सम की विषम? डेव्हिड हिल्बर्टचं अनंत खोल्यांचं हॉटेल याच जातीचं: सगळ्या खोल्या भरलेल्या, तरी प्रत्येक पाहुण्याला पुढच्या खोलीत सरकवलं की नव्याला जागा होते.

हे चक्रावणारं आहे खरं, पण चक्रावणारं म्हणजे विसंगत नव्हे. एकोणिसाव्या शतकात गेऑर्ग कँटर यांनी दाखवलं की अनंत संचाची एखाद्या अंशाशी एकास एक जोडी लागणं हा त्याचा गुणधर्मच आहे. शनीची पहिली फेरी गुरूच्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी, अशी जोडी लावली की कोणीच उरत नाही. सम-विषम हा भेद सांत, म्हणजे मर्यादित, संख्यांचा. अनंताला तो लावणं म्हणजे प्रश्नच चुकीचा विचारणं. गणितात चालतं ते प्रत्यक्षात चालणार नाही, असं क्रेग म्हणतात. म्हणू शकतात, पण मग तो गणिताचा निकाल राहत नाही, अस्तित्वाबद्दलची त्यांची भूमिका होते.

दुसरा दावा मला जास्त विचार करायला लावतो. एकामागून एक मोजत अनंतापर्यंत पोचता येत नाही. भूतकाळ अनंत असेल तर आज उजाडायच्या आधी अनंत दिवस सरायला हवे होते, आणि ते सरूच शकत नाहीत. इम्मान्युएल कांटने १७८१ मध्ये आपल्या पहिल्या विप्रतिषेधात (दोन परस्परविरुद्ध विधानं सारख्याच जोराने सिद्ध होतात अशा पेचात) याचा वापर केला (आणि लगेच उलट बाजूही तितक्याच जोरात मांडली, हे सोयीस्करपणे विसरलं जातं). या दाव्याला अक्वायनसने आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं: भूतकाळातला कुठलाही दिवस निवडा, तिथून आजपर्यंतचं अंतर सांतच भरतं. 'अनंत दूरचा पहिला दिवस' असा दिवसच नाही, मग तिथून चालत येण्याचा प्रश्न कुठला? 'सरूच शकत नाहीत' म्हणणारा माणूस नकळत एक सुरुवातीचा दिवस गृहीत धरून बसलेला असतो.

६. महास्फोटाने आरंभ सिद्धच केला, नाही का?

महास्फोट सिद्धांत एवढं सांगतो की सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं आणि तेव्हापासून ते प्रसरण पावतंय. याचे पुरावे भक्कम आहेत. १९२९ मध्ये हबल यांनी दाखवलेला दीर्घिकांचं अंतर आणि दूर जाण्याचा वेग यांतला संबंध, १९६५ मध्ये पेन्झिअस आणि विल्सन यांनी जाहीर केलेलं मायक्रोवेव्ह पार्श्वप्रारण (त्या तप्त काळापासून उरलेलं, आकाशात सगळीकडून येणारं प्रारण), हलक्या मूलद्रव्यांचं प्रमाण. या सिद्धांताला आज गंभीर प्रतिस्पर्धी नाही. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉएल यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाला आरंभ नव्हता. जयंत नारळीकर यांनी हॉएल यांच्यासोबत हा विचार पुढे अनेक वर्षं लढवला, पण पार्श्वप्रारणानंतर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यापासून दूर गेले.

अडचण पुढची आहे. गणित मागे मागे नेत गेलं की एक वेळ अशी येते की सामान्य सापेक्षता सिद्धांत अनंत घनता दाखवू लागतो. त्या सिंग्युलॅरिटीचा अर्थ बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ 'इथे सिद्धांत तुटतो' असा लावतात, 'इथे काळ जन्मला' असा नव्हे. तिथे क्वांटम गुरुत्वाचा सिद्धांत लागतो, आणि तो अजून हातात नाही. त्या टप्प्याआधी आकुंचन पावणारं विश्व होतं, की दुसरं काही, की काहीच नाही, यांवर प्रतिरूपं आहेत, निकाल नाही.

मजा म्हणजे या सिद्धांताचे एक जनक, जॉर्ज लमॅत्र, स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात नव्या खगोलशास्त्राला निर्मितीच्या बाजूचा साक्षीदार ठरवलं, तेव्हा लमॅत्र यांनाच ते रुचलं नाही. आपल्या सिद्धांताला धर्माच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं करू नये, अशी त्यांची भूमिका होती.

७. बोर्ड, गुथ आणि व्हिलेंकिन यांच्या प्रमेयाने मात्र विश्वाला आरंभ होता हे पक्कं झालं, असं वाचलंय. खरं का?

अर्धं. २००३ चं हे प्रमेय सांगतं की जे विश्व सरासरीने प्रसरण पावत आलं आहे, त्या प्रसरणाला भूतकाळात अनंत मागे नेता येत नाही, कुठेतरी सीमा लागते. सीमेपलीकडे काय, हे प्रमेय सांगत नाही. तिथे प्रसरण न पावणारा एखादा टप्पाही असू शकतो. शिवाय ते नेहमीच्या, म्हणजे क्वांटम नसलेल्या अवकाशकाळाबद्दल बोलतं. व्हिलेंकिन यांचा स्वतःचा कल आरंभाकडे आहे, पण तो त्यांच्या इतर विचारांमुळेही आहे, एकट्या प्रमेयामुळे नाही.

उलट बाजूने 'विश्व शून्यातून आपोआप निर्माण होऊ शकतं' असं सांगितलं जातं तेव्हाही तितकंच सावध राहावं. एडवर्ड ट्रायन यांनी १९७३ मध्ये विश्व हा निर्वातातला एक क्वांटम चढउतार असू शकेल असं सुचवलं. व्हिलेंकिन यांनी १९८२ मध्ये आणि हार्टल व हॉकिंग यांनी १९८३ मध्ये त्याहून मूलगामी प्रतिरूपं मांडली. पण क्वांटम निर्वातात क्षेत्रं असतात, ऊर्जा असते, आणि सगळ्याच प्रतिरूपांत निदान नियम तरी असतातच. तत्त्वज्ञ ज्याला काहीही नसणं म्हणतात ते हे नव्हे. नियम कुठून आले, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

८. कारणांची साखळी अनंत मागे गेली तर बिघडलं कुठे?

साखळी कुठल्या जातीची आहे यावर ते ठरतं. बाप, आजा, पणजा ही एक जात. आजा वारला तरी बाप मूल जन्माला घालू शकतो, आधीची कडी आता हजर असायची गरज नाही. अशी साखळी अनंत असायला अक्वायनसची तत्त्वतः हरकत नव्हती. त्याने लोहाराचं उदाहरण दिलं आहे: एक हातोडा मोडला की दुसरा, तो मोडला की तिसरा. हातोडे कितीही असोत, कामाला फरक पडत नाही. दुसऱ्या जातीत सगळ्या कड्या एकाच वेळी काम करतात: हात काठी ढकलतो, काठी दगड ढकलते. इथे मधल्या कडीला स्वतःचा जोर नाही. नुसत्या मधल्याच कड्या असतील तर, त्या अनंत असल्या तरी, जोर येणार कुठून? म्हणून पहिलं प्रवर्तक हवं, असं तो म्हणतो.

न्यायशास्त्रातही असाच विवेक आहे. बीज आणि अंकुर यांची परंपरा अनादी मानली तरी दोष येत नाही. अनवस्था, म्हणजे कधीच न थांबणारी मालिका, दोष ठरते ती मुळावर घाव घालणारी असेल तेव्हा, म्हणजे आधीची पायरी सिद्ध झाल्याशिवाय पुढची उभीच राहत नसेल तेव्हा.

अक्वायनसचा मुद्दा मला तर्काच्या दृष्टीने सगळ्यांत स्वच्छ वाटतो. त्याची कमजोरी दुसरीकडे आहे: वस्तूंना टिकून राहायला क्षणोक्षणी आधार लागतो, हे कशावरून? गतीला सतत ढकलणारं काही लागत नाही हे न्यूटननंतर कळलं. अस्तित्वालाही लागत नसेल. अक्वायनसचे आजचे समर्थक म्हणतात की तो गतीबद्दल बोलत नव्हता, क्षमतेतून प्रत्यक्षात येण्याबद्दल बोलत होता. ते ग्राह्य धरलं तर त्याचं सगळं अॅरिस्टॉटेलियन तत्त्वज्ञानही सोबत घ्यावं लागतं.

९. लायब्निझचं म्हणणं काय? आणि 'विश्व नुसतं आहे, बस' असं उत्तर दिलं तर?

समजा भूमितीचं एक पुस्तक आहे, ते आधीच्या प्रतीवरून नकललेलं, ती तिच्याही आधीच्या प्रतीवरून, असं अनादी काळापासून. प्रत्येक प्रतीचं कारण मिळालं. तरी असं पुस्तक मुळात का आहे, त्यात हाच मजकूर का आहे, हे कळलं नाही. १६९७ च्या एका लेखात लायब्निझने हे उदाहरण दिलं. विश्वाच्या अवस्थांचंही तसंच आहे. मागची अवस्था पुढचीचा खुलासा करते, पण सगळ्या मालिकेचा खुलासा मालिकेत सापडत नाही. तो अशा कशात तरी हवा जे स्वतः नसूच शकत नाही.

विश्व नुसतं आहे, बस, हे रसेलचं उत्तर. १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर फादर कोपल्स्टन यांच्याशी झालेल्या वादात त्याने ते दिलं. ते मूर्खपणाचं नाही, पण फुकटही नाही. एरवी आपण कुठल्याही गोष्टीचं 'ते नुसतंच आहे' हे उत्तर मान्य करत नाही. जंगलात चकाकणारा गोळा दिसला तर तो कुठून आला हे विचारतोच. विश्वापाशी येऊन विचारणं थांबवायचं तर तिथेच का, हे सांगायला हवं.

मात्र लायब्निझलाही किंमत मोजावी लागते, आणि ती मोठी आहे. पीटर व्हॅन इनवॅगन यांनी ती नेमकी दाखवली. जे जे नसूही शकलं असतं त्या सगळ्याचा मिळून एकच पुरेसा खुलासा घ्या. तो खुलासा अनिवार्य असेल तर त्यातून निघणारं सगळंच अनिवार्य ठरतं. मग तुम्ही हे वाचताय तेही वेगळं होऊ शकलं नसतं, ईश्वरालाही दुसरं विश्व निवडता आलं नसतं. तो खुलासा अनिवार्य नसेल तर तो त्याच ढिगात पडतो आणि स्वतःचाच खुलासा करू लागतो. यातून सुटायला समर्थक 'पुरेसा' याचा अर्थ सैल करतात: खुलासा परिणामाला समजण्याजोगं करतो, सक्तीचं करत नाही. एकदा असा सैल खुलासा चालत असेल, तर नास्तिकाला जो खुलासा अपुरा म्हणून नाकारला जातो त्याच्यावरची पकडही सैल होते.

१०. भागांना कारण आहे म्हणून संपूर्णालाही कारण हवं, हा तर्कदोष नाही का?

कधी असतो, कधी नसतो. रसेल म्हणाला, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते असं नाही. बरोबर. पण सगळ्या विटा लाल असतील तर भिंतही लाल असते. कुठला गुण भागांकडून संपूर्णाकडे जातो हे साच्यावरून कळत नाही. नसूही शकण्याचा गुण जातो का? मला जातो असं वाटतं. ज्यातला प्रत्येक भाग नसू शकला असता, ते सगळंच मिळून नसू शकलं असतं, ही कल्पना निदान करता येते.

अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा आक्षेप निराळा आहे. वीस कणांपैकी प्रत्येकाचं कारण सांगून झाल्यावर विसांच्या समूहाचं कारण वेगळं विचारणं निरर्थक, असं त्याच्या १७७९ मध्ये, मृत्यूनंतर छापलेल्या संवादांत येतं. वीस कणांची कारणं बाहेर असतील तर हे पटतं. ते कण एकमेकांचीच कारणं असतील तर नाही.

११. न्यायदर्शनातला कर्तृत्वाचा युक्तिवाद याहून वेगळा कसा?

तो शून्यातून निर्मिती मागतच नाही. परमाणू, आकाश, काळ, आत्मे हे सगळं नित्य. सृष्टी आणि प्रलय यांचं चक्र अनादी. ईश्वर कुंभारासारखा निमित्तकारण आहे. त्यामुळे महास्फोट झाला की नाही याने नैयायिकाचं काहीच बिघडत नाही.

अनुमान असं: पृथ्वी, अंकुर इत्यादी सकर्तृक (कर्ता असलेली) आहेत, कारण ती कार्यं आहेत, घटाप्रमाणे. दहाव्या शतकाच्या अखेरीस उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याला आणखी अनेक हेतूंची, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या कारणांची, जोड दिली. 'रानात आपोआप उगवणारं गवत पाहा, त्याला कुठे कर्ता आहे?' हा आक्षेप त्यांच्यावर चालत नाही. रानातलं गवत हे पक्षातच मोडतं, म्हणजे ज्याबद्दल वाद आहे त्यातच. वादग्रस्त गोष्टीलाच प्रतिउदाहरण म्हणून वापरता येत नाही.

सगळ्यांत तिखट हल्ला साधारण सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्ववेत्त्याचा. कार्य असणं हा एकजिनसी हेतू नाही. ज्या प्रकारची रचना पाहून कर्ता असतो हे आपण अनुभवाने शिकलो, त्याच प्रकारची रचना दिसली तर अनुमान चालेल. नुसत्या वरवरच्या साम्यावर चालवलं तर वारूळही मातीचंच आहे, म्हणून तेही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल! डोंगर घटासारखा आहे की वारुळासारखा, हे अनुमानाने ठरत नाही, ते आधी ठरवून मग अनुमान केलं जातं. ह्यूमच्या हजारएक वर्षं आधीचा हा आक्षेप आहे. अकराव्या शतकात रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने तो आणखी बारकाईने मांडला.

दुसरा आक्षेप शरीराचा. दिसलेला प्रत्येक कर्ता शरीरधारी. मग जगाचा कर्ताही तसा हवा, आणि त्याचं शरीर कोणी केलं? नैयायिक म्हणतात की ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न एवढंच कर्तृत्वाला पुरेसं आहे, शरीर प्रासंगिक. पण दृष्टांतातला सोयीचा भाग ठेवायचा आणि गैरसोयीचा सोडायचा, हे कुठल्या निकषावर? कुमारिल भट्ट या मीमांसकानेही हेच बोट ठेवलं होतं.

१२. विश्व अनादी निघालं तर आस्तिकाचा सगळा डाव मोडतो का?

कलाम मोडतो, बाकी काही नाही (प्रश्न ८, ९, ११). अक्वायनसने तर साफ सांगितलं होतं की विश्वाला आरंभ होता हे श्रद्धेने मानायचं, बुद्धीने सिद्ध होत नाही, आणि कच्च्या युक्त्या पुढे केल्या तर न मानणाऱ्यांना हसायला आयतं निमित्त मिळतं. त्याचा समकालीन बोनाव्हेंचर मात्र आरंभ सिद्ध होतो असंच मानत होता.

१३. बरं, कारण आहे असं धरून चालू. ते ईश्वरच कशावरून?

इथे बहुतेक युक्तिवाद धापा टाकू लागतात. 'कारण आहे' इथपासून 'सर्वज्ञ, दयाळू, प्रार्थना ऐकणारा एक ईश्वर' इथपर्यंतचा रस्ता लांब आहे आणि तो वेगळा चालावा लागतो.

गझालीची युक्ति त्यातल्या त्यात चतुर आहे. कारण जड आणि अनादी असतं तर परिणामही अनादी असता, कारण पुरेशी सामग्री हजर असली की जड कारण वाट पाहत नाही. विश्व मात्र अनादी नाही. म्हणजे सगळे क्षण सारखे असतानाही त्यातला एक निवडू शकेल अशी इच्छाशक्ती त्यामागे असली पाहिजे. म्हणून कारण चेतन. पण इच्छाही अनादी असेल तर तीच अडचण तिलाही लागते, आणि इच्छा नंतर उपजली असेल तर ती उपजायला कारण हवं.

एकच कर्ता कशावरून, हाही प्रश्न उरतो. ह्यूमने विचारलं की अनेक देवांनी मिळून का नसेल, किंवा एखाद्या बालदेवाने केलेला हा पहिला कच्चा प्रयत्न का नसेल. रामानुजाचार्य तर परमभक्त, पण श्रीभाष्यात त्यांनीच नैयायिकांचं अनुमान खोडलं आहे: जग कार्य आहे एवढ्यावरून ते एकाच वेळी, एकाच कर्त्याने केलं हे निघत नाही. ईश्वर शास्त्रावरून कळतो, अनुमानावरून नव्हे, असं त्यांचं मत.

१४. काळच विश्वासोबत सुरू झाला असेल तर त्याच्या 'आधी' कारण कसं असेल?

आधी नसेल, बरोबरीने असेल, असं समर्थक म्हणतात. काळ जगासोबतच निर्माण झाला हे ऑगस्टीनने पाचव्या शतकातच मांडलं होतं, त्यामुळे 'जग निर्माण करण्याआधी देव काय करत होता' हा प्रश्न त्याने निकालात काढला. एकाच वेळचं कार्यकारण अशक्य नाही (प्रश्न ८ मधली काठी). मात्र काळाच्या बाहेर असलेला कर्ता 'ठरवतो', 'निवडतो', 'करतो' म्हणजे नेमकं काय, हे सांगणं अवघड आहे. ही सगळी क्रियापदं काळात घडणाऱ्या गोष्टींची आहेत.

१५. भौतिक स्थिरांक जीवसृष्टीला जुळतील असे नेमके आहेत, हा मुद्दा इथे का नाही?

तो रचनेचा युक्तिवाद आहे, उगमाचा नाही. तो विश्व का आहे हे न विचारता, ते असंच का आहे हे विचारतो. त्याचे आक्षेपही वेगळे (अनेक विश्वांची कल्पना, निरीक्षकाची निवड). एकात अडकलं की दुसऱ्यावर उडी मारायची, ही सवय दोन्ही बाजूंना आहे, म्हणून वेगळं ठेवलं.

१६. हे युक्तिवाद नाकारले की माणूस नास्तिक ठरतो का?

मुळीच नाही. रामानुज (प्रश्न १३) आणि कांट (प्रश्न १७) ही दोन उदाहरणं पुरेत. उलटही खरं: वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी सृष्टिकर्ता मानला नाही.

१७. 'नसूच शकत नाही असं अस्तित्व' या कल्पनेला काही अर्थ तरी आहे का?

ह्यूमचं म्हणणं, जे आहे अशी कल्पना करता येते ते नाही अशीही करता येते, म्हणून अनिवार्य अस्तित्व हे पोकळ शब्द. कांटचा आरोप याहून खोल: विश्वापासून सुरुवात केल्याचा आव आणून हा युक्तिवाद शेवटच्या पायरीवर परिपूर्ण सत्तेच्या नुसत्या कल्पनेतून अस्तित्व काढतो, म्हणजे अॅन्सेल्मचाच जुना युक्तिवाद मागच्या दाराने आत घेतो.

ह्यूमचं मला पूर्ण पटत नाही. कल्पना करता येणं आणि शक्य असणं एक नव्हे. दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन अविभाज्य संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाखचं अनुमान खरं असल्याची कल्पना करता येते आणि खोटं असल्याचीही, तरी त्यातली एकच बाजू शक्य आहे. कांटच्या आरोपाला उत्तर देणं जास्त कठीण आहे. पण तो लागतो तो अनिवार्य सत्तेपासून परिपूर्ण ईश्वरापर्यंतच्या पायरीला. नुसतं 'काहीतरी अनिवार्य आहे' एवढंच म्हणणारा त्यातून सुटतो, आणि ते काहीतरी मूळ क्वांटम क्षेत्र का नसावं, या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

१८. सिद्धता राहू द्या. या सगळ्याने ईश्वर असण्याची शक्यता तरी वाढते का?

रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ पासून हाच मार्ग धरला. ते सिद्धतेचा दावा करत नाहीत. ईश्वर असेल तर विश्व असण्याची अपेक्षा बऱ्यापैकी आहे. ईश्वर नसेल तर इतकं गुंतागुंतीचं काहीतरी आपोआप असणं फारच अनपेक्षित. म्हणून विश्वाचं असणं हा ईश्वराच्या बाजूने थोडा पुरावा, आणि असे अनेक थोडे मिळून वजनदार होतात.

गणित बेझच्या नियमाचं (नवा पुरावा मिळाल्यावर संभाव्यता किती बदलायची हे सांगणाऱ्या सूत्राचं) आहे, त्यात खोट नाही. पण त्यात सुरुवातीची संभाव्यता घालावी लागते: काहीच पुरावा पाहण्याआधी ईश्वर असणं किती संभाव्य? स्विनबर्न म्हणतात, बऱ्यापैकी, कारण अमर्याद ज्ञान आणि शक्ती असलेला एकच कर्ता ही अतिशय साधी कल्पना आहे, मर्यादा घातली की ती तितकीच का हे सांगावं लागतं. जे. एल. मॅकी यांनी १९८२ मध्ये यावर हरकत घेतली. देहाशिवाय, कुठल्याही साधनाशिवाय नुसत्या इच्छेने परिणाम घडवणारं मन आपल्या माहितीतल्या कुठल्याच मनासारखं नाही. ते साधं दिसतं कारण इच्छा आणि परिणाम यांच्यामधला सगळा तपशील गाळून टाकलेला असतो. माझा कौल इथे मॅकींकडे झुकतो. पण 'ईश्वर नसता तर विश्व असणं किती संभाव्य होतं' हा दुसरा आकडाही कोणाकडेच नाही, नास्तिकाकडेही नाही. तुलना करायला दुसरी विश्वं नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे घालणाऱ्याच्या अंदाजावर राहतात.